गाडीवरचा पोटमाळा

आमच्या खोलीतला पोटमाळा मी स्वतः बांधलाय. माझं लग्न ठरलं तेव्हा करी रोडच्या या एका खोलीत आई-बाप, भावंडं, गावाहून नोकरीला आलेले दोन चुलते, अशी सगळी इतकी दाटीवाटीने झोपायची की कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागे. नवी नवरी झोपणार कुठे? मग मी मिलमधून सुटल्यावर वासे आणले, फळ्या आणल्या आणि छताखाली माळा घातला. शिडी केली. सुताराला हात लावू दिला नाही. आमचा संसार त्या माळ्यावर सुरू झाला, आणि आजही त्यावर चढलं तर फळी कुरकुरत नाही.

हे सांगतोय कारण गेल्या वर्षी माझ्या मुलीने गाडीच्या डोक्यावर तंबू चढवायचं काढलं, तेव्हा चाळीतला जो तो मला शिकवायला लागला. मला!

मुलगी आमची एकुलती. लग्न केलं नाही, तिची मर्जी. ऑफिसांना जेवण पुरवायचा तिचा धंदा आहे आणि त्यासाठी तिने एक पांढरी पिकअप ठेवलीय. पुढे तिघं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा. आठवडाभर त्या हौद्यातून भाताची पातेली जातात. मी चौथीपर्यंत शिकलो, ती पदवीपर्यंत. त्यामुळे घरात वाद झाला की ती कागदावर काढून दाखवते आणि मी आवाज चढवतो.

तंबू तिच्या डोक्यातून निघाला, पण निमित्त तिची आई. हिचं माहेर मालवणच्या बाजूला. तिथलं घर पडलं, भाऊ वारला, भाच्यांनी जागा विकून टाकली. घेणारा माणूस भला. म्हणाला, दिवाळीनंतर मी कुंपण घालीन, तोवर तुमचीच समजा. आता तिथे एक विहीर आणि एक फणस, बाकी गवत. हे कळलं तेव्हा ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माका एक रात थंय निजाचा आसा."

माझ्या बायकोने जन्मात फार काही मागितलेलं नाही. त्यामुळे ती मागते तेव्हा पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

पण निजणार कुठे? लॉजवर झोपली तर ते काही माहेरी झोपणं नव्हे. गवतात अंथरावं तर फुरशी चावायची भीती. शिवाय हिचे गुडघे असे की कठडा धरून जिना चढते, उतरते, पण जमिनीवर बसली की दोघांनी उठवावी लागते. मुलीने थोडे दिवस विचार केला आणि एका हौशी माणसाकडून त्याचा जुना तंबू घेऊन आली. मिटला की मोठी चपटी पेटी. उघडला की घर, आत गादी, बाजूला ॲल्युमिनियमची शिडी. चाळीच्या अंगणात तो उघडून दाखवला तेव्हा हिने शिडीच्या दांडीवर हात ठेवला, आत डोकावली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"अगो, ह्यो तर आमचो पोटमाळो!"

त्या दिवसापासून त्याला तंबू कोणी म्हटलं नाही.

मी दोन गोष्टी तिथेच जाहीर केल्या. एक, मी स्वतःच्या हाताने कसून बघितल्याशिवाय ही त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मिल बंद पडल्यावर मी पुढची सगळी वर्षं टेम्पोवर माल बांधून काढलीत. लोकांची कपाटं बांधली, चिंचपोकळीच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती बांधून नेल्या. वरचा माल कसा सुटतो ते मी पाहिलंय. माल सुटला तर माल जातो. माणूस सुटलं तर? पोटमाळा पक्का नसेल तर जाणं रद्द.

दुसरी गोष्ट, मी येणार नाही.

याचं कारण जुनं आहे. मेव्हणीच्या लग्नात माझ्या मेव्हण्याने मला, घरच्या मोठ्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं. पोराटोरांबरोबर. मी जेवलो, हात धुतले आणि पुन्हा त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. दर मे महिन्यात मायलेकींना परळच्या स्टँडवर गाडीत बसवून द्यायचो, खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचो आणि परत यायचो. मेव्हणा वारला तेव्हा गेलो, पण बाहेर ओटीवर बसून आलो. आता उंबराच राहिला नाही हे खरं. पण बोललो ते बोललो.

तर पोटमाळा बसवायचा कुठे, यावरून आमचं पहिलं वाजलं. मी म्हटलं, केबिनच्या टपावर बसव, हौदा सामानाला मोकळा राहील.

"बाबा, टप नुसत्या पत्र्याचा आहे. तुम्ही वर उभे राहिलात तरी खळगा पडेल."

"मूर्ती केवढाल्या असतात, ठाऊक आहे ना? त्या नेल्यात मी."

"त्या तुम्ही चालत्या वेगाने नेल्यात, चार बाजूंना माणसं लावून. मी हायवेने जाणार. वजन जेवढं उंचावर, तेवढी गाडी वळणावर झुकणार. हौद्यावर लोखंडी सांगाडा करू. पोटमाळा केबिनच्या फार वर जाता कामा नये."

मी चहा मागितला.

सांगाडा चिंचपोकळीला एका वेल्डरकडे केला. चार पाय हौद्याच्या कडांना खाली बोल्टने घट्ट, वर दोन आडवे जाड दांडे. त्या दांड्यांवर पोटमाळ्याच्या तळाच्या पट्ट्या बसणार. मी स्टूल टाकून तिथेच बसलो. प्रत्येक सांधा थंड झाल्यावर हात फिरवून बघायचो. वेल्डरने दोनदा चहा पाजला. तिसऱ्यांदा विचारलं, "काका, घरी कोणी वाट बघत नाही का तुमची?"

मग रविवारी चाळीच्या अंगणात पोटमाळा चढवला. उचलायला मी, शेजारचा माझा दोस्त आणि खालच्या मजल्यावरची दोन दांडगी माणसं. हा दोस्त निवृत्त बस कंडक्टर. आयुष्यभर लोकांना "पुढे सरका" म्हणण्यात गेलंय, त्यामुळे बोलायला कमी पडत नाही.

"काय रे, गाडीवर दुसरा मजला चढवतोस? मालकाची परवानगी घेतलीस?"

"तू उचल आधी."

"पागडीवर देणार की भाड्याने? आम्हाला कळू दे. टॉवरवाले येतील बघ उद्या तुझ्या मागे."

चारी कोपऱ्यांना हात लागले आणि उचलताना आमच्या तोंडून आपोआप "मोरया" निघालं. वरच्या गॅलरीतून बायका हसल्या. आमच्या भागात जड काही उचलायचं तर दुसरा शब्द येतच नाही, त्याला काय करणार.

पेटी दांड्यांच्या मधोमध आली का, दोन्ही बाजूंना सारखी अंतरं आहेत का, हे मुलीने टेप लावून बघितलं, मी डोळ्याने. दोघांचं जमलं. मग बोल्ट. पट्टीच्या खाचेत बोल्ट सरकवायचा, दांड्याखालून लोखंडी पाटी धरायची, वायसर, आणि आत नायलॉनची कडी असलेला नट, म्हणजे हादऱ्याने तो सैल होत नाही. एका कोपऱ्यातला थोडा कसायचा, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्यातला, मग परत. एकच बाजू कसत सुटलं की पेटी पिळवटते. हे मला माहीत होतं. मला पटला नाही तो तिचा पाना. तो ठरलेल्या जोराला पोचला की "टक" असा आवाज करतो. टक झालं की थांबायचं.

मी टक झाल्यावर अजून अर्धा पेच फिरवला.

"बाबा!"

"हात सांगतो मला. पान्याने काय मला शिकवायचं?"

"जास्त कसलं की आटे जातात. खाच फाकते. मग तो बोल्ट नुसता दिसायला राहतो." तिने तो बोल्ट सोडवला, आटे बोटाने चाचपले, आणि नवा घातला. मला राग आला. बाकीचे मी टकवर थांबवले, पण मन लावून नाही.

दुपारी पोटमाळा उघडून वारा खायला ठेवला आणि मी वर जेवायला गेलो. जेवून जरा पडलो. उठलो तोवर पोटमाळा मिटून झाला होता, वरचे पट्टे आवळलेले होते. मुलगी म्हणाली, आईने आत दोन गोधड्या ठेवल्यात, अंथरूण-पांघरूण चालतं. आता एक फेरी मारून बघू.

चाळीच्या कमानीपर्यंत मी गाडीच्या पुढे बांबू घेऊन चाललो. आमच्या अंगणात केबलच्या वायरी, कपड्यांच्या दोऱ्या, सगळं डोक्यावर लोंबतं. मूर्ती निघते तेव्हा टोकाला बेचकं असलेला बांबू घेऊन पुढे वायरी उचलत चालायचं काम माझं असे. गाडीची उंची आता वाढली होती. मुलीने उंची मोजून काचेवर चिकटवली होती, कारण कुठल्या पुलाखाली किंवा पार्किंगच्या दांड्याखाली विसरायला होतं. वायरी संपल्या तसा मी बांबू दोस्ताच्या हातात दिला आणि आत बसलो.

सरळ रस्त्याला गाडी गुण्यागोविंदाने चालली. लालबागला वळलो आणि डोक्यामागून आवाज आला. धप्प.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

उजवीकडे वळलो, डावीकडे धप्प. डावीकडे वळलो, उजवीकडे धप्प. तिने गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांनी चारी कोपरे बघितले. प्रत्येक नटला पाना लावला, प्रत्येक नट टक म्हणाला. मी पेटी दोन्ही हातांनी हलवली, तर गाडी हलली, पेटी नाही. सांगाड्याचे पाय जागेवर. परत बसलो, पुढच्या वळणावर परत धप्प. परळपर्यंत जाऊन आलो. येताना मी तिच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत होतो आणि घाटातली वळणं डोळ्यांसमोर येत होती, एकेक.

अंगणात उतरल्या उतरल्या मी सांगितलं, "काढा वरून. जाणं रद्द."

"बाबा, कारण शोधू द्या तरी."

"कारण शोध, नाहीतर काही शोध. त्याच्यात तुझी आई नाही बसणार."

ही वरच्या गॅलरीत उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता भांडेल, आणि भांडली असती तर बरं झालं असतं, मी तयार होतो. पण तिने कठड्यावर वाळत घातलेलं लुगडं काढलं, नीट घडी केली आणि आत गेली. ते लुगडं तिने तिथे नेसायला म्हणून काढलं होतं, मला माहीत होतं.

मी हौद्याच्या कडेवर बसून राहिलो. मुलगी गाडीखाली शिरून टॉर्च मारत होती. तेवढ्यात दोस्त आला.

"काढतच असाल पोटमाळा, तर वहिनींचं गाठोडं आधी उतरवा बाबा. वर ठेवताना माझी कंबर गेली."

"कुठलं गाठोडं?"

"गोधडीतलं. मी विचारलं, वहिनी, सोनं भरलंय काय? तर म्हणाल्या, तुम्ही ठेवा गप. ठेवलं."

मुलगी गाडीखालून बाहेर आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पट्टे सोडवायला लागलो. पोटमाळा उघडला, मी शिडीने वर गेलो. एक गोधडी गुंडाळलेली होती, तिची एक बाजू सुटली होती आणि सुटल्या बाजूने वरवंटा गादीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला होता. गोधडीत पाटा होता.

हा पाटा हिच्याबरोबर माहेराहून आला. लग्नानंतर परळच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तो पोत्यात घालून मी डोक्यावरून करी रोडपर्यंत आणला होता. रस्त्यात मिलमधले लोक भेटले, म्हणाले, सासऱ्याने हुंड्यात धोंडा दिला काय रे? पुढे कित्येक वर्षं सकाळी माझी झोप त्याच्या आवाजाने उघडली. खाली ही वाटप वाटतेय आणि वर पोटमाळ्यावर खोबऱ्याचा वास येतोय. मुलीने पहिल्या कमाईत मिक्सर आणला, आणि पाटा पोटमाळ्यावर गेला. आमच्याकडे खाली मावत नाही ते वर जातं. हिला गाडीवरचा पोटमाळा दिसला, तिने वरची वस्तू वर ठेवली. यात तिचं काय चुकलं?

मी वरवंटा मांडीवर घेऊन शिडीच्या वरच्या पायरीवर बसलो. ही जिना उतरून खाली आली होती.

"हे काय गो?"

"वर गादी आसा. माका वाटला, आवाज येवचो नाय."

"पण कशाला?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली. "तो धोंडो आमच्या व्हाळातलो. आवशीन टाकी घालून घेतलेलो माझ्यासाठी. आता बिल्डर आमका टॉवरात नेतलो. थंय ह्येका कोण इचारता? फणसाखाली ठेवन येतंय म्हटला. नीज नाय झाली तरी चलात. ह्येका तेवढो धाडा कोणाबरोबर."

हे शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे न बघता म्हटलं.

मुलगी तिच्या जवळ गेली. "आई, तुझं नीट आहे गं सगळं. गाडी उभी असताना तू, मी आणि पाटा, तिघंही वर झोपलो तरी सांगाडा पेलेल. पण गाडी पळताना तेच वजन वेगळं वागतं. वळलं की बाहेर ओढतं, ब्रेक मारला की पुढे धावतं. सुटा दगड वर असला तर पेटी फोडून बाहेर जाईल. कोणाच्या तरी डोक्यात."

"अगोबाई," ही म्हणाली, आणि दोस्ताकडे बघून, "आणि तुम्ही तरी कशे ठेवलास हो?"

"घ्या! परत माझ्यावरच!"

मी खाली उतरलो. पाटा हौद्यात ठेवला, तळाला, अगदी केबिनच्या भिंतीला टेकवून, मधोमध, उताणा. खाली पोतं, बाजूला वरवंटा दुसऱ्या पोत्यात. मग माझी दोरी आणली. जी गाठ मी शंभरदा मूर्तींच्या पाटांना घातली तीच घातली, ओढली, परत घातली. मुलीने तिचे ते करकचून आवळायचे पट्टे पुढे केले. मी म्हटलं, तेही लाव. तिने लावले. हिने वाकून पाट्यावर हात ठेवला, हलवून बघितलं आणि मान डोलावली, जशी बाजारात मासा बघून डोलावते.

दुसरी फेरी मारली. लालबागचं वळण, परळचं वळण. या वेळी ही पण आत होती, आमच्या दोघांच्या मध्ये. कुठेच काही वाजलं नाही. दोनदा मी मुलीला म्हटलं, जरा जोरात वळव. तिने वळवली. काही नाही.

"झालं," मी म्हटलं. "उद्या सकाळी निघा."

मुलगी पाना फडक्याने पुसत होती. "एक राहिलंय. नवे बोल्ट थोडं धावल्यावर बसतात. पनवेलला थांबून परत कसून बघायचे. मग पुढे घाटाआधी एकदा."

"बघ मग."

"मी कशी बघणार? कसलेत तुम्ही. ज्याने कसले त्याच्याच हाताला फरक कळतो."

"पाना टक करतो ना तुझा?"

"तुमचा विश्वास आहे त्याच्यावर?"

मी हिच्याकडे बघितलं. ही काही माहीत नसल्यासारखी बाहेर बघत होती.

"मी येणार नाही म्हणून सांगितलंय."

"मग पनवेलहून आम्ही परत येतो," मुलगी म्हणाली. "न बघता मी आईला घाटात नेणार नाही. तुमचंच आहे ना ते, वरचा माल सुटला तर?"

तेव्हा ही बोलली. "तुमचो टॉवेल नि गोळयो कालच भरलंय पिशवेत." मग म्हणाली, "आता थंय ना घर, ना वाढणारो. वाढूक मीच आसंय. पयल्या पंगतीक बसा."

ती एवढ्या साधेपणाने म्हणाली की मी रागावू की हसू हे ठरवायला वेळ लागला. त्या पंगतीबद्दल आमच्यात इतक्या वर्षांत एकदाही बोलणं झालं नव्हतं. मला वाटायचं तिला आठवतही नसेल.

"पाना माझ्याकडे दे," मी मुलीला म्हटलं. "दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

सकाळी हिने चाकापुढे नारळ फोडला, बोनेटला हळदकुंकू लावलं, आणि मग पोटमाळ्याच्या शिडीला पण लावलं. मी बांबूने वायरी उचलत कमानीपर्यंत चाललो. गॅलरीतून बायका हात हलवत होत्या. दोस्त म्हणाला, "चालले बाप्पा गावाला! आणि अरे, तू कुठे आत बसतोस? तू तर येणार नव्हतास!"

"बोल्ट बघायचेत," मी सांगितलं, आणि बांबू त्याच्या हातात दिला.

पनवेलच्या पुढे मुलीने गाडी एका झाडाखाली घेतली. मी उतरलो. एकेका कोपऱ्याला जाऊन पाना लावला. पहिला टक. दुसरा टक. तिसरा टक. चौथा, जो मुलीने बदलला होता तो, केसभर फिरला. तिचं खरं होतं, बोल्ट बसतात. मी हळूच दाबलं. टक झालं आणि मी हात काढून घेतला. हौद्यात वाकून पाट्याची गाठ बघितली. ती होती तशीच होती.

ही खिडकीतून मान बाहेर काढून बघत होती.

"झाला?"

"झालं."

तिने दार उघडलं, आणि मला खिडकीची जागा देत आत सरकली.